क्रूझचं भाडं उतरलं म्हणून बुकिंग मोडायचं का?

ताई, तुमची परिस्थिती मला समजली ती अशी. नोव्हेंबरमध्ये पुण्याच्या एका एजंटकडून तुम्ही सिंगापूर-पेनांग-फुकेत-सिंगापूर ही चार रात्रींची क्रूझ घेतलीत, १० मेला सुटणारी. एका बाल्कनी केबिनमध्ये तुम्ही दोघं आणि दोन मुलं, शेजारच्या केबिनमध्ये सासू-सासरे. एकूण ४,६२,००० रुपये, त्यातले १,२०,००० डिपॉझिट म्हणून भरून झालेत. आता जानेवारीत तीच सफर, तशाच दोन केबिन, कंपनीच्या साइटवर ३,९८,००० ला दिसताहेत. मिस्टर म्हणतात मोडा आणि नव्याने घ्या. सासरे म्हणतात ठरलंय ते ठरलंय, आता हलवू नका.

माझं मत आधीच सांगतो. आज मोडू नका, पण एजंटला आजच फोन करा. बुकिंग मोडणं वेगळं आणि आहे त्याच बुकिंगवर दर सुधारून घेणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला एजंट लोक ‘रिप्राइस’ म्हणतात. फायनल पेमेंटची तारीख उलटलेली नसेल तर बऱ्याच क्रूझ कंपन्या हे करून देतात. बुकिंग नंबर तोच राहतो, केबिन त्याच राहतात, फक्त भाडं नव्या दराने लागतं. सांगलीतल्या ओळखीपाळखीच्या बऱ्याच लोकांची बुकिंगं मी गेली काही वर्षं बघून देतोय. त्यात जिथे पैसे खरोखर वाचले, तिथे बहुतेक ठिकाणी ते रिप्राइसनेच वाचले. एजंट हे आपणहून सांगेलच असं नाही, कारण भाडं कमी झालं की त्याचं कमिशनही कमी होतं. आपणच विचारावं लागतं.

आता ६४,००० च्या फरकाकडे येऊ, कारण घरातला सगळा वाद त्या आकड्यावर चाललाय. आपल्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघतो तेव्हा दर मोठा ऐकू येतो, पण शेतकरी बघतो पट्टीकडे: हमाली, तोलाई वजा जाऊन हातात किती पडले. क्रूझचंही तसंच करायचं. तुम्ही एजंटचं जे कोटेशन लिहिलंत त्यात पोर्ट चार्जेस आणि टॅक्सबरोबर टिप्सही धरलेल्या आहेत. साइटवरच्या ३,९८,००० मध्ये टॅक्स आहे, टिप्स नाहीत. मोठ्या जहाजांवर टिप्स माणशी दर रात्री साधारण १६ ते २० डॉलर असतात, आणि बहुतेक कंपन्या त्या मुलांच्याही धरतात. आधी भरल्या नाहीत तर जहाजावरच्या तुमच्या खात्यात त्या रोज आपोआप चढतात, म्हणजे टळत नाहीतच. १८ डॉलर धरले तर सहा माणसं, चार रात्री, ४३२ डॉलर. ८८ रुपयांचा डॉलर धरून हे ३८,००० होतात. तुमचा फरक इथेच २६,००० वर आला.

त्यातून एजंटचा सर्व्हिस चार्ज. तुमच्या पावतीवर माणशी १,५०० आहे आणि त्यापुढे ‘नॉन-रिफंडेबल’ लिहिलंय. सहा जणांचे ९,००० गेले, राहिले १७,०००. नोव्हेंबरच्या ऑफरमध्ये तुम्हाला दर केबिनमागे १०० डॉलरचं ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे जहाजावरच खर्च करायची रक्कम, मिळालं होतं. नवं बुकिंग आजच्या ऑफरवर होणार आणि आज ती ऑफर नाही. दोन केबिनचे २०० डॉलर म्हणजे १७,६००. हिशेब शून्याच्याही खाली गेला.

या क्रेडिटबद्दल एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. ते तुम्ही खर्च करणार असाल तरच त्याची किंमत पूर्ण धरा. ऑफरमधलं न वापरलेलं क्रेडिट बहुतेक वेळा रोख परत मिळत नाही, सफर संपली की संपतं. तुमच्याकडे कोणी ड्रिंक्स घेणारं नाही असं तुम्ही लिहिलंय. पण मुलांना वाय-फाय लागणार, आणि फुकेतला उतरून जहाजातर्फे फिरायला जायचं ठरलं तर २०० डॉलर सहज उठतात. म्हणून मी ते धरलं. तुम्हाला वाटत असेल की त्यातले निम्मेच वापरले जातील, तर निम्मेच धरा. तरी शिल्लक नऊ हजारांच्या आतच राहते, आणि साडेचार लाखांच्या सहलीत तेवढ्यासाठी दोन्ही केबिन पणाला लावाव्यात असं मला वाटत नाही. सगळं वजा जाऊन एकूण रकमेच्या पाच टक्के तरी उरत असतील तरच मोडण्याचा विचार करावा, हे माझं प्रमाण. तुमच्या बाबतीत तो आकडा २३,००० च्या आसपास येतो.

पैशांपेक्षा मला जास्त काळजी केबिनची वाटते, आणि तिथे सासऱ्यांचं म्हणणं बरोबर आहे असं माझं मत आहे. तुमची चौघांची केबिन सहज मिळणारी नाही. जहाजावर केबिन रिकामी असूनही तिसरा-चौथा माणूस बसत नाही, असं अनेकदा होतं. कारण लाइफबोटींचं आहे. जहाजाच्या प्रत्येक भागातल्या प्रवाशांना ठराविक जागा नेमून दिलेल्या असतात आणि त्या भागातली माणसांची मर्यादा भरली की कंपनी तिथल्या केबिनमध्ये दोघांपेक्षा जास्त जणांना घेणं बंद करते. मेच्या सुट्टीत मुलांसह जाणारी कुटुंबं जास्त, त्यामुळे चार जणांच्या केबिन आधी संपतात. माझ्या ओळखीच्या यार्डातल्या एका व्यापाऱ्याने असंच भाडं उतरलेलं बघून आधी जुनं बुकिंग मोडलं आणि मग नव्याला हात घातला. दरम्यान चौघांची केबिन गेली. दोन-दोन जणांच्या दोन केबिन घ्याव्या लागल्या, त्याही वेगवेगळ्या मजल्यांवर, आणि एकूण भाडं पहिल्यापेक्षा वर गेलं.

त्यातून साइटवरचा स्वस्त दर नेमक्या कुठल्या केबिनचा आहे तेही बघा. ‘गॅरंटी’ किंवा ‘जीटीवाय’ असं लिहिलेलं असेल तर प्रकार बाल्कनीचा मिळेल, पण नंबर कंपनी नंतर ठरवते. दोन केबिन शेजारी येतील याची खात्री नसते. ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’ म्हणजे बाल्कनीसमोर लाइफबोट किंवा लोखंडी सांगाडा. सासऱ्यांचे गुडघे दुखतात आणि सासूबाईंना गाडीही लागते असं तुम्ही लिहिलंय. आत्ताच्या त्यांच्या केबिनचा नंबर डेक प्लॅनवर, म्हणजे जहाजाच्या मजल्यांच्या नकाशावर, शोधा. लिफ्टजवळ, जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यांवर असेल तर ती हातची सोडू नका, कारण जहाज हलतं ते तिथे सर्वांत कमी जाणवतं. शेजारची केबिन तुमची असणं हेही मी पैशांत मोजेन. रात्री त्यांना काही लागलं तर मजला चढून जावं लागू नये.

आता तारखा. छोट्या सफरींना बऱ्याच कंपन्या सुमारे ७५ दिवस आधी फायनल पेमेंट मागतात, मोठ्यांना ९० दिवस. तुमचे ७५ धरले तर १० मेपासून मागे मोजून २४ फेब्रुवारी येते. पण एजंटने तुम्हाला दिलेली तारीख त्याच्याही आठवडा-दहा दिवस आधीची असू शकते, कारण त्याला पुढे पैसे पोचवायचे असतात. तुमच्यासाठी खरी तारीख बुकिंग कन्फर्मेशनवरची. तिच्या आत दर सुधारून मागता येतो, केबिन बदलता येते, आणि डिपॉझिट ‘रिफंडेबल’ प्रकारचं असेल तर बुकिंग मोडूनही ते परत येतं. तारीख उलटली की रद्द करण्याचा दंड सुरू होतो आणि सफर जवळ येईल तसा तो वाढत जाऊन शेवटी पूर्ण भाड्यापर्यंत पोचतो. तुमचं डिपॉझिट कुठल्या प्रकारचं आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. ‘नॉन-रिफंडेबल’ निघालं तर मोडण्याचा विषय तिथेच संपतो, पण रिप्राइसचा संपत नाही, तो तरीही विचारा.

रिप्राइस मागताना दोन वाक्यं एजंटकडून लेखी घ्या. एक, नव्या दरावर दोन्ही केबिनचे नंबर तेच राहतील. दोन, ऑनबोर्ड क्रेडिट आणि टिप्स आहेत तशाच राहतील, की त्यातलं काय जाईल. कित्येकदा दर नव्या ऑफरवर टाकताना जुनी ऑफर सुटते, आणि हे आपल्या लक्षात येतं ते जहाजावर चढल्यावर. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, ईमेलवर मागा. कंपनीला थेट फोन करून बहुधा उपयोग होणार नाही. एजंटमार्फत घेतलेल्या बुकिंगबद्दल कंपन्या एजंटशीच बोलतात.

रिप्राइसला एजंट नाहीच म्हणाला आणि दरम्यान भाडं आणखी खाली आलं, तर मग मोडण्याचा विचार जरूर करा. फक्त क्रम असा ठेवा की आधी नव्या केबिन होल्डवर घ्यायच्या. पैसे न भरता काही तास ते एक-दोन दिवस केबिन धरून ठेवता येते, एजंटला ते माहीत असतं. होल्डचा कागद हातात आला, त्यावर चौघांची केबिन आणि शेजारची केबिन दोन्ही दिसल्या, की मगच जुनं सोडायचं. मिस्टर म्हणतात तसं साइटवर स्वतः नवं बुकिंग करून जुनं नंतर बघू, असं करू नका. एकाच सफरीवर त्याच नावांची दोन बुकिंगं कंपनीला आढळली तर एखादं रद्द होऊ शकतं, आणि कुठलं ते आपल्या हातात नसतं. शिवाय साइटवर परदेशी चलनात कार्ड चाललं तर बँकेचा मार्कअप लागतो, अनेक कार्डांवर तो साडेतीन टक्क्यांपर्यंत असतो आणि वर जीएसटी. पुढे ते बुकिंग रद्द झालं तर रिफंड त्या दिवशीच्या दराने येतो, आणि मार्कअप सहसा परत येत नाही.

डिपॉझिट परत येईल म्हणजे कधी, हेही विचारा. एजंटकडून रिफंड यायला आठवडे लागतात आणि काही जण रोख न देता ‘क्रेडिट नोट’ पुढे करतात, म्हणजे पुढची सहलही त्यांच्याकडूनच घ्या. तुमचे १,२०,००० अडकलेले असताना नव्या बुकिंगचं डिपॉझिट वेगळं भरायची तयारी आहे का, हे घरात बोलून घ्या. टीसीएसचंही तसंच, म्हणजे विकणारा आपल्याकडून घेऊन सरकारात भरतो त्या आगाऊ आयकराचं. परदेशी टूर पॅकेजवर ऑक्टोबर २०२० पासून टीसीएस कापला जातो आणि त्याचा दर मधल्या बजेटांत बदलत आलाय, त्यामुळे तुमच्या इन्व्हॉइसवर किती कापलाय तेच बघा. एजंटने तो सरकारजमा केला असेल तर बुडत नाही. ज्यांच्या पॅनवर जमा झाला त्यांच्या २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या साइटवरच्या करजमेच्या उताऱ्यात, दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो. पण तोवर अडकून राहतो, आणि नव्या बुकिंगवर पुन्हा कापला जातो. पैसे सासऱ्यांच्या खात्यातून गेले असतील आणि ते रिटर्न भरत नसतील, तर ही रक्कम मिळवण्यासाठी त्यांना या वर्षी रिटर्न भरावं लागेल.

एजंटने रिफंडला टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल करता येते, त्यामुळे एजंट पुण्याचा असला तरी तुम्ही सांगलीतच तक्रार करू शकता. तिथवर जायची वेळ बहुतेकांवर येत नाही. मात्र ईमेल जपून ठेवलेले असले की बोलणंच वेगळं होतं.

फायनल पेमेंट झाल्यावर भाडं आणखी पडलं तर काय, असं तुम्ही शेवटी विचारलंय. पडू शकतं. ग्रुपसाठी अडवून ठेवलेल्या केबिन त्या सुमारास परत विक्रीला येतात आणि रिकामी केबिन घेऊन जहाज सुटलं तर कंपनीला तिच्यातून काहीच मिळत नाही. पण तेव्हा रोख परतावा सहसा मिळत नाही. विचारून बघायचं ते अपग्रेड किंवा थोडं ऑनबोर्ड क्रेडिट, तेही कंपनीच्या मर्जीवर. म्हणून मोजून बघा ते फायनल पेमेंटच्या आधी, एकदा आत्ता आणि एकदा त्या तारखेच्या चार-पाच दिवस आधी. रोज साइट उघडून घरात वाद वाढवण्यात अर्थ नाही.

साताऱ्याहून ज्यांनी मुंबई-गोवा क्रूझबद्दल हेच विचारलंय त्यांच्यासाठी थोडक्यात: दोन-तीन रात्रींच्या देशांतर्गत सफरीत टीसीएस आणि डॉलरचा प्रश्न नाही, पण जाहिरातीतला दर माणशी आणि टॅक्स सोडून असतो, त्यामुळे दोन्हीकडचे शेवटच्या पानावरचे आकडेच ताडून बघा. रद्द करण्याचे नियम तुमच्या तिकिटाच्या प्रकारावर ठरतील.

ताई, एजंटला पाठवायचा मजकूर हवा असेल तर हा घ्या: “आमच्या बुकिंगमधल्या दोन्ही केबिन सध्या कमी दराने उपलब्ध दिसत आहेत. बुकिंग रद्द न करता, केबिन नंबर, टिप्स आणि ऑनबोर्ड क्रेडिट कायम ठेवून, आजच्या दराने रिप्राइस करून सुधारित इन्व्हॉइस पाठवावे. शक्य नसल्यास कारण आणि आमच्या डिपॉझिटचा प्रकार कृपया कळवावा.” उत्तर आलं की त्यातले आकडे इथे टाका, नावं आणि बुकिंग नंबर झाकून. मी हिशेब पुन्हा मांडून देतो.