सासू-सासऱ्यांना टाहोला कधी न्यावे?

सॅन होजे येथील एका वाचक भगिनीचे पत्र समोर आहे. त्यांचे सासू-सासरे सोलापूरहून प्रथमच अमेरिकेला जाणार आहेत. सासरे एकाहत्तर वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि रोज रक्तदाबाची गोळी घेणारे. सासूबाई सहासष्ट वर्षांच्या आणि गुडघ्यांनी बेजार. नातवंडे सात आणि बारा वर्षांची. नाताळच्या सुट्टीत सर्वांनी मिळून कॅलिफोर्निया-नेवाडा सीमेवरच्या डोंगरांतील टाहो सरोवरावर आठवडाभर राहावे, मुलांनी स्कीइंग करावे आणि आजी-आजोबांनी आयुष्यात एकदा बर्फ पाहावा, असा बेत ठरत आहे. ‘आईंना फोनवर विचारले, तर त्या म्हणाल्या, तुम्ही म्हणाल तसं. मग घर आरक्षित करू का?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

करू नका, निदान इतक्यात तरी करू नका. सोलापूरच्या घरात ‘तुम्ही म्हणाल तसं’ याचा अर्थ होकार असा धरायचा नसतो. विचारणाऱ्याचा उत्साह मोडू नये म्हणून बोललेले ते शब्द असतात. डिसेंबरअखेर येथून निघायचे म्हणजे हुरडा सोडायचा, संक्रांतीचे वाण सोडायचे आणि सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजे आमची गड्ड्याची जत्रा, नंदीध्वजांची मिरवणूक आणि अक्षता सोहळा हे सर्व सोडून जायचे, हे सासूबाई फोनवर सांगणार नाहीत. सोलापूरचे जे दोन महिने खरोखर सुखाचे असतात, त्याच महिन्यांत तुम्ही त्यांना येथून उचलून बर्फात नेणार, आणि पारा त्रेचाळीस अंशांवर गेला की त्यांना परत येथे आणून सोडणार. बेतातली खरी चूक येथे आहे. टाहोचा हिवाळा ही त्यानंतरची गोष्ट.

त्या हिवाळ्याविषयी मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. आमची लेक सॅक्रामेंटोला असते. काही वर्षांपूर्वी नाताळच्याच आठवड्यात मी आणि माझे यजमान तिच्या कुटुंबासह टाहोला निघालो, तेव्हा अडीच तासांच्या वाटेला आम्हाला नऊ तास लागले. आंतरराज्य महामार्ग क्रमांक ८० वर बर्फ सुरू झाला की राज्याचे रस्ते खाते टायरला साखळ्या लावण्याची सक्ती करते. दुसऱ्या पातळीची सक्ती असेल तर चारही चाकांना ताकद मिळणारी आणि चारही टायर बर्फाचे असलेली वाहने तेवढी साखळ्यांवाचून सोडतात, तरीही त्यांना साखळ्या गाडीत बाळगाव्याच लागतात. जावयांनी साखळ्या घेतल्या होत्या, पण त्या कधी लावून पाहिल्या नव्हत्या. रस्त्याच्या कडेला गुडघ्यावर बसून, ओल्या हातमोज्यांनी ते पाऊण तास झटत होते. आत मागच्या सीटवर आम्ही दोघे एका सोलापुरी चादरीत पाय गुंडाळून बसलो होतो, आणि यजमान दर पाच मिनिटांनी काच पुसून ‘मी उतरू का?’ असे विचारत होते. पोहोचल्यावर पुढचे तीन दिवस घसरून पडण्याच्या भीतीने आम्ही पायरीखाली उतरलो नाही. बर्फ पाहिला, तो खिडकीतून. पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळे, मुले स्कीइंगहून दमून येत आणि जेवून झोपत.

ज्यांना हिवाळ्यात जावेच लागेल, त्यांनी साखळ्या घराच्या दारात कोरड्या जमिनीवर एकदा लावून काढून पाहाव्यात. गाडी भाड्याची असेल तर साखळ्या लावण्याची परवानगी आहे का, हे करारात वाचावे. गाडी बर्फात अडकली आणि उबेसाठी इंजिन चालू ठेवावे लागले, तर मागच्या धुराड्याभोवतीचा बर्फ आधी दूर करावा. अन्यथा विषारी वायू आत येतो. सरोवर गोठलेले दिसेल अशी आशा मात्र कोणी धरू नये. सुमारे ५०१ मीटर खोल असलेल्या या सरोवरात उन्हाळ्याची ऊब इतकी साठते आणि पृष्ठभागावर थंड झालेले पाणी खाली जाऊन खालचे इतके सावकाश वर येते की, सर्व पाणी गोठणबिंदूच्या जवळ जाण्याआधीच हिवाळा सरतो.

आता वेळापत्रकाकडे वळू. पर्यटक व्हिसावर येणाऱ्यांना विमानतळावर सामान्यतः सहा महिन्यांचा मुक्काम मंजूर होतो. नेमकी तारीख आगमनाच्या नोंदीत पाहून घ्यावी आणि परतीचे तिकीट त्याच्या आतले असावे. माझा आग्रह असा की, सासू-सासऱ्यांनी एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात निघावे आणि ऑक्टोबरच्या आरंभी परतावे. सोलापूरचा उन्हाळा टळतो, दिवाळीच्या बेताला ते घरी असतात आणि गड्डा तर चुकतच नाही. आषाढी मात्र चुकेल. सासऱ्यांची वारी असेल तर हा प्रश्न तुम्ही परस्पर सोडवू नये; त्यांनाच विचारावा.

आल्यावर प्रवासाचा शीण उतरला की, एप्रिलच्या उत्तरार्धात आकाश निरभ्र असलेला दिवस निवडून त्याच ८० क्रमांकाच्या महामार्गावरील डोनर खिंडीपर्यंत जाऊन यावे. सात हजार फुटांहून उंच असलेल्या या भागात बहुतेक वर्षी तेव्हाही रस्त्याकडेला भरपूर बर्फ असतो, रस्ता मात्र मोकळा आणि कोरडा मिळू शकतो. एप्रिलमध्येही वादळे येतात, म्हणून निघण्याच्या सकाळी रस्त्याची स्थिती पाहावी. सोलापूरच्या माणसाला बर्फ हातात घ्यायचा असतो, एक गोळा नातवाच्या पाठीत मारायचा असतो आणि एक छायाचित्र गावाकडे पाठवायचे असते. यासाठी दोन तास पुरतात.

उन्हाळ्याविषयी थोडक्यात सांगते, कारण जुलै-ऑगस्ट हा मुलांचा काळ आहे. त्या दिवसांत किनाऱ्यावरची वाहनतळे सकाळीच भरतात आणि शुक्रवारी संध्याकाळी सॅन होजेहून निघणाऱ्याला चार तासांऐवजी सहा-सात तासही लागतात. पाण्याचा वरचा थर ऑगस्टमध्ये अठरा-वीस अंशांपर्यंत येतो, पण तो थर पातळ असतो. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसालाही त्या गारठ्याने क्षणभर श्वास घेता येत नाही, आणि चांगले पोहणारे बुडतात ते यामुळेच. तेरा वर्षांखालील मुलांना चालत्या छोट्या नावेत जीवरक्षक जाकीट घालणे कॅलिफोर्नियात कायद्यानेच बंधनकारक आहे. तुमच्या घरातल्या सर्वांनीच ते घालावे. नाव सकाळी काढावी, कारण दुपारनंतर वारा उठतो आणि लाटा वाढतात.

चार दिवसांच्या मुक्कामासाठी माझी निवड सप्टेंबरच्या मध्यापासून पुढच्या तीन आठवड्यांचा काळ ही आहे. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणारी तिकडच्या कामगार दिनाची सुट्टी संपली की गर्दी ओसरते, घरांचे भाडे उतरते आणि दुपारचे ऊन आपल्या पौषातल्या उन्हासारखे अंगावर घ्यावेसे वाटते. सरोवराच्या दक्षिणेकडील होप व्हॅलीत अ‍ॅस्पेनची झाडे पिवळी होऊ लागतात. टेलर क्रीक या ओढ्यात कोकनी जातीचे सॅमन मासे अंडी घालण्यासाठी लालभडक होऊन प्रवाहाविरुद्ध चढू लागतात. त्यांचा भर ऑक्टोबरात असतो, पण आरंभ पाहायला मिळू शकतो. ओढ्याकाठची पायवाट सपाट, बांधलेली आणि साधारण अर्ध्या मैलाची आहे, तेव्हा सासूबाईंच्या गुडघ्यांना ती झेपेल. याउलट सरोवराच्या एमराल्ड बे या खाडीचे वरच्या कठड्यावरूनच दर्शन घ्यावे. खालच्या १९२९ सालच्या वाड्यापर्यंत सुमारे एक मैल उतरावे लागते, आणि उतरलेले सर्व परत चढावे लागते, हे खाली पोहोचल्यावर लक्षात येते.

मुलांच्या शाळेचे काय, असे तुम्ही म्हणाल. शुक्रवार आणि सोमवार अशी दोन दिवस शाळा बुडवावी. अठ्ठावीस वर्षे शाळेत शिकवलेल्या बाईने हे लिहावे याचे मलाच नवल वाटते, पण आजोबांबरोबरचे चार दिवस मला अधिक मोलाचे वाटतात. या काळाची एक उणी बाजू आहे, ती लपवत नाही. उन्हाळ्याअखेरीस वणवे पेटतात आणि त्यांचा धूर सरोवरावर येऊन बसतो. २०२१ मध्ये काल्डोर वणव्यामुळे ३० ऑगस्टला साउथ लेक टाहो हे सगळे गाव रिकामे करावे लागले होते. म्हणून पैसे परत मिळतील असेच आरक्षण घ्यावे, हवेच्या गुणवत्तेचा आकडा दोन दिवस आधी पाहावा, आणि धूर असेल तर मुलांची मनधरणी न करता बेत रद्द करावा.

उंचीचा विचार बहुतेक जण करत नाहीत. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे. टाहोचे पाणी सुमारे १,८९७ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंच शिखराहूनही वर. निरोगी माणसाला याचा फार त्रास होत नाही. तरी हवा विरळ आणि कोरडी असल्याने डोके जड होणे, झोप नीट न लागणे, दोन पायऱ्यांत धाप लागणे हे पहिल्या दिवशी होऊ शकते. रक्तदाबाच्या रुग्णाने सोलापुरातून निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना ही उंची सांगावी, गोळ्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवाव्यात आणि पहिला दिवस केवळ बसून घालवावा. हेवनली या स्कीइंगच्या ठिकाणी तारेवरून जाणाऱ्या पाळण्यातून जवळजवळ ९,१०० फुटांवरच्या सज्जात नेतात. तेथे जायचेच असेल तर तिसऱ्या दिवशी जावे. प्रवासी आरोग्य विमा घेताना आधीपासूनच्या आजारांविषयीचे कलम पूर्ण वाचावे, कारण ते आजार वगळणाऱ्या पॉलिसी पुष्कळ असतात.

या उंचीकडून होणारा खरा पराभव स्वयंपाकघरात अनुभवाला येतो. तेथे पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर ठेवली तरी दाणा दाताखाली येतो. आम्ही पहिल्या रात्री असे वरण खाल्ले. कुकर घरून न्यावा, आणि तेथील शेगडीवर चालेल असा सपाट बुडाचा न्यावा. फोडणी देताना खिडकी उघडावी, नाहीतर धुराची घंटा वाजून सासूबाई जो धसका घेतील, तो मुक्काम संपेपर्यंत उतरणार नाही. त्यांनी सोलापूरहून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणली असेल, तर ती या चार दिवसांसाठी राखून ठेवावी. ना गरम करावी लागते, ना खराब होते. यातले काहीही रात्री गाडीत मात्र विसरू नये. तेथील काळ्या अस्वलांना गाडीचे दार उघडता येते, आणि बेसनाच्या लाडवाचा वास त्यांना आपल्यापेक्षा लांबून येतो. कचराही अस्वलाला न उघडणाऱ्या लोखंडी पेटीतच टाकावा.

राहता राहिले सासरे. तुमच्या पत्रात त्यांच्यासाठी बेतात काहीच नाही, ‘बर्फ पाहावा’ एवढेच आहे. ज्या माणसाने नोकरी पाटबंधारे खात्यात केली, त्याला पाणी टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, सांगावे. टाहोत सुमारे ५,३०० टीएमसी पाणी आहे. उजनी धरणाची एकूण क्षमता ११७ टीएमसी धरली, तर पंचेचाळीस उजन्या. सरोवराला येऊन मिळणारे ओढे आणि झरे ६३, आणि बाहेर पडणारी नदी एकच, ट्रकी. तीही समुद्राला मिळत नाही. नेवाडाच्या वाळवंटातील पिरॅमिड सरोवरात जाऊन संपते. ती जेथून निघते, त्या टाहो सिटी गावात १९१३ मध्ये पूर्ण झालेले एक ठेंगणे धरण आहे. उंची अठरा फूट, दरवाजे सतरा, आणि एवढ्या प्रचंड सरोवराच्या वरच्या केवळ सहा फूट पाण्यावर त्याचा ताबा आहे. पर्यटक त्याच्या शेजारून आइस्क्रीम खात पुढे जातात. तुम्ही तेथे सकाळी जावे आणि पुढच्या ठिकाणाची वेळ ठरवू नये. धाकट्या नातवाला आजोबांजवळ ठेवावे, आणि सहा फुटांत किती टीएमसी पाणी मावते, हे त्याने त्यांना विचारावे. उत्तर बत्तीसच्या आसपास येते, पण ते तुम्ही आधी सांगू नका.