जायकवाडी अभयारण्यात जंगल कुठंय?

नाही, झाडांचं जंगल तिथं नाहीच. पैठणला धरणाच्या भिंतीवर उभं राहून 'अभयारण्य कुठंय?' विचारलंत, तर समोर दिसतंय ते पाणी म्हणजेच अभयारण्य. गोदावरी अडवून झालेला नाथसागर आणि त्याचा काठ असं सुमारे 341 चौरस किलोमीटर क्षेत्र 1986 मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. धरणाचं उद्घाटन 1976 चं, म्हणजे पाणी आधी, पक्षी मागून.

पक्षी इतके का येतात? जलाशय पसरट आणि उथळ आहे म्हणून. दिवाळीनंतर पाणी हळूहळू ओसरतं, चिखल उघडा पडतो आणि त्यातले किडे, शिंपले, पाणवनस्पती हे त्यांचं ताट. त्याच ओल्या जमिनीवर लोक गाळपेर करतात, हरभरा-गहू घेतात. पक्षी आणि शेतकरी एकाच गाळावर, त्यामुळे कुरबुरी होणारच.

डिसेंबर ते फेब्रुवारीत जा. चक्रवाक, तलवार बदक आणि नशिबात असतील तर रोहित (फ्लेमिंगो) दिसतील. पट्टकदंब हा हंस मात्र चुकवू नका, हिमालय ओलांडून येतो तो! आणि पहाटेच पोचा, दहानंतर ऊन पाण्यावरून डोळ्यांत येतं, पक्षी नुसते काळे ठिपके. दुर्बीण नसेल तर मागून न्या. जाण्याआधी पाण्याची पातळी कुणाला तरी विचारा, कारण धरण काठोकाठ भरलेलं असेल तर चिखलातले पक्षी फारसे दिसत नाहीत.