अमेरिकेत गाडीतच बसवलेले गॅरेजचे बटण घेण्याजोगे असते का?
आरशावर किंवा छताला तीन बटणे असलेली होमलिंकची, म्हणजे गॅरेजचे दार गाडीतूनच उघडण्याची, सोय गाडीत आधीच असेल, तर ती अवश्य वापरावी. सन-व्हायझरला अडकवलेला सुटा रिमोट आणि खणातली, घराचा पत्ता असलेली नोंदणीची कागदपत्रे एकाच चोराच्या हाती लागली, तर त्याला घराची किल्लीच मिळते. गाडीतच बसवलेले बटण असे उचलून नेता येत नाही आणि त्याला वेगळा सेलही लागत नाही. जोडणीच्या वेळी गॅरेजच्या छताजवळ असलेल्या, दार उघडणाऱ्या मोटरवरचे ‘लर्न’ बटण दाबल्यावर साधारण ३० सेकंदांत गाडीतले बटण दाबावे लागते, म्हणून एकाने शिडीवर आणि दुसऱ्याने गाडीत असावे. गाडी घेताना केवळ एवढ्यासाठी जादा सोयींचे महागडे पॅकेज मात्र घेऊ नये. गाडी विकताना कडेची दोन बटणे दाबून धरून जुनी जोडणी आठवणीने पुसावी.