पाचवं वर्ष कुणाचं?

"ताई, चार वर्षं झाली, डिग्री हातात येतेय, नोकरीची ऑफर आहे, आणि आमची लेक म्हणते अजून एक वर्ष कॉलेजकडून बास्केटबॉल खेळते. आमच्याकडे याला नापास होणं म्हणायचे."

२०२३ च्या एप्रिलमधली गोष्ट. मी न्यू जर्सीत समुपदेशन करते, आणि आईबाबा दोघंही समोर बसलेले, लेक बाहेर गाडीत. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) बाबा मूळचे मुंबईचे, तरुणपणी माटुंग्याला इंडियन जिमखान्याच्या कोर्टावर घाम गाळलेले, म्हणजे खेळाचा राग अजिबात नाही. पण "आम्हाला कुणी दिलं का वर्ष वाढवून?" हे ते तासाभरात तीनदा तरी म्हणाले असतील.

असे फोन मला तेव्हा खूप यायचे, म्हणून आधी नियम सांगते, कारण अर्धी भीती तिथेच असते. इथे अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचं नियमन एनसीएए ही संस्था करते आणि डिव्हिजन वनला, म्हणजे सगळ्यात वरच्या गटाला, तेव्हा साधा हिशोब असा होता की पाच वर्षांत चार सीझन खेळता येतात. कोविडमध्ये, १४ ऑक्टोबर २०२० ला, सीझन सुरू व्हायच्याही आधी त्यांनी ठरवलं की २०२०-२१ चं वर्ष हिवाळी खेळांच्या (बास्केटबॉल त्यातलाच) कुणाच्याच खात्यात धरायचं नाही. मग तुम्ही त्या वर्षी रिकाम्या जिममध्ये पंचवीस मॅचेस खेळा नाहीतर बेंचवर बसून रहा, एक वर्ष जमा. त्यामुळे पुढची काही वर्षं कॉलेज टीममध्ये तेवीस-चोवीस वर्षांची पोरं दिसायला लागली. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा अर्मांडो बेकॉट पाच सीझन खेळला. उलट आयोवाची केटलिन क्लार्क, तिच्याकडेही ते वर्ष शिल्लक होतं, ते न वापरता २०२४ ला ती सरळ प्रोफेशनल झाली. तेव्हा नापास वगैरे काही नाही, वापरलंच पाहिजे असंही नाही. एवढं ऐकून आईचा चेहरा जरा सैल झाला, बाबांचा नाही.

मग लेकीला आत बोलावलं, आईबाबांना बाहेर पाठवलं. ही मला मावशी म्हणते, मी तिची मावशी नाही हे सांगून मी दमले. खरं सांगते, मनातून मी तोपर्यंत बाबांच्याच बाजूला झुकले होते. मला वाटलं आता ही म्हणणार खेळाशिवाय जगू शकत नाही, नोकरीची भीती वाटते, मैत्रिणी सुटतील. त्यातलं ती काहीच बोलली नाही. बोलली ती तिच्या कॅप्टनबद्दल.

ही फ्रेशमन, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना, २०१९-२० ला, कॅप्टन शेवटच्या वर्षाला होती. हिला पॉइंट गार्डचं, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ रचण्याचं, सगळं तिनेच शिकवलेलं. १२ मार्च २०२० ला टीम कॉन्फरन्स टूर्नामेंटसाठी (आपल्या गटातल्या कॉलेजांची स्पर्धा) हॉटेलात होती, पोरी मॅचआधी घोट्यांना टेप लावून घेत होत्या आणि कोच आत येऊन म्हणाली बॅगा भरा. त्याच दिवशी एनसीएएची मोठी टूर्नामेंटसुद्धा रद्द झाली, पुरुषांची आणि बायकांचीही. नंतर ३० मार्चला उन्हाळी म्हणजे स्प्रिंग खेळांच्या मुलामुलींना जादा वर्ष मिळालं, बास्केटबॉलला नाही, कारण म्हणे तुमचा सीझन जवळपास पूर्ण झाला होता. कॅप्टनचं करिअर त्या हॉटेलात संपलं. आणि सहा-सात महिन्यांनी तिच्या मागच्या सगळ्यांना आख्खं वर्ष मिळालं, या पोरीलाही.

"तिला हवं होतं तिला नाही मिळालं, मला फुकट मिळालं, मग मी ते टाकून कशी देऊ?"

म्हणजे बघा, बाबा नोकरीचा हिशोब करत होते आणि पोरगी उधारीचा. घरात तीन आठवडे भांडण चाललेलं आणि दोघंही वेगळ्याच विषयावर.

मी विचारलं, तू तिला कधी विचारलंस का? तीन वर्षांत एकदाही नाही. इन्स्टाग्रामवर लाइक करायचे, वाढदिवसाला मेसेज, बस. तर दोन कामं दिली. कॅप्टनला फोन करायचा. आणि कोचला जाऊन अगदी रोखठोक विचारायचं, स्कॉलरशिप पूर्ण वर्षाची आणि लेखी आहे का, माझ्या जागेवर कोण येतंय, कोर्टवर मिनिटं किती मिळतील. या दुसऱ्या कामावर मी फार अडून बसते, कारण नियम वर्ष देतो, जागा देत नाही. २०२१-२२ ला जादा वर्षासाठी राहिलेल्या सीनियर्सची स्कॉलरशिप टीमच्या मर्यादेत धरली नव्हती, पुढे मात्र ती धरायला लागले, बायकांच्या टीमला तेव्हा पंधरा स्कॉलरशिप, त्यातलीच एक. वर एप्रिल २०२१ पासून एकदा कॉलेज बदललं तर वर्षभर न खेळता बसावं लागत नव्हतं, त्यामुळे ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) कोण कधी येईल सांगता येत नव्हतं. (याचा फटका शाळेतून येणाऱ्या पोरांना बसला, अशी बारावीतली दोन मुलं माझ्याकडे होती, त्यांच्याबद्दल कधीतरी वेगळं लिहीन, ते प्रकरण जास्त दुखरं आहे.)

कॅप्टन आता फिजिओथेरपिस्ट आहे. ती म्हणाली हो, राग अजून येतो, मार्च आला की येतोच. आणि मग म्हणाली, "पण तू काय, माझी मिनिटं खेळणारेस का?"

पोरगी दोन आठवड्यांनी आली ती जरा भांबावलेलीच. उधारी गेल्यावर ओढच गेली होती म्हणाली, चार दिवस बॉलला हात लावला नाही. मी काही बोलले नाही. मग हळूहळू स्वतःच म्हणाली की तरीही खेळायचंय, फेब्रुवारीतले ते लांबलचक बसचे प्रवास अजून एकदा हवेत, आणि स्कॉलरशिपवर मास्टर्सचं एक वर्ष निघतंय. कोचने स्कॉलरशिप लेखी दिली, पण स्वच्छ सांगितलं की नवीन गार्ड येतेय, तू सुरुवातीच्या पाचात नसशील, मॅचमागे दहा मिनिटं धर. हे ऐकूनही हवं असेल तर घे, असं मी म्हटलं. तिने घेतलं. कंपनीने जॉइनिंग पुढे ढकलायला नकार दिला, ती ऑफर गेली, आणि बाबा पंधरा दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलले. ते मी काही सोडवू शकले नाही.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत आईचा फोन आला. मी म्हटलं आता काय झालं. तर सीनियर नाइट होती, शेवटच्या होम मॅचला आईवडलांना कोर्टवर बोलावून फुलं देऊन निरोप देतात ना, ती. गेल्या वर्षी एकदा रीतसर निरोप झाला होता, रडारड झाली होती, फोटो लागलेत हॉलमध्ये. आता परत. बाबा म्हणे पोरीला विचारतायत की तोच कोट घातला तर फोटोत कळेल का, आणि आई मला विचारत होती की ताई, साडी नवीन घेऊ का, का यंदाचंही मोजत नाहीत?