सागरी सूक्ष्मजीवाश्माची नवी प्रजाती जाहीर करण्यासाठी नेमके काय दाखवून द्यावे लागते?

समुद्रतळाच्या गाळात सापडलेले प्लवक फोरामिनिफेराचे (पाण्यात तरंगणाऱ्या, कवचधारी एकपेशीय जीवाचे) एक कवच कोणत्याही ग्रंथातील चित्राशी जुळत नाही, तर ते नवी प्रजाती म्हणून जाहीर करता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. करता येईल, मात्र एकाच कवचाच्या बळावर ते करू नये, असे मी सुचवेन. नाव देणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग असतो. हाती आलेला नमुना म्हणजे एखाद्या परिचित प्रजातीचे अपूर्ण वाढलेले, विकृत किंवा गाळात झिजून बदललेले रूप नाही, हे दाखवण्यातच बहुतेक श्रम खर्ची पडतात.

म्हणून आधी त्याच थरातून, आणि शक्य असल्यास दूरच्या दुसऱ्या ठिकाणाहूनही, गाळ 63 मायक्रॉनच्या चाळणीवर धुऊन अधिक कवचे वेचावीत. शेवटच्या वेटोळ्यातील कप्पे, मुखाचा आकार व जागा, पृष्ठावरील छिद्रे आणि वाढीच्या निरनिराळ्या अवस्था यांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तुलना केल्यावर तुमच्या नमुन्याचे वेगळेपण टिकते की जवळच्या प्रजातीत हळूहळू मिसळून जाते, हे स्पष्ट होते. मिसळत असेल, तर थांबावे.

2023 मध्ये वर्णन झालेली ग्लोबिजेरिनॉइडीस रुब्लोबेटस ही प्रजाती या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. ऑस्ट्रेलियाच्या वायव्येस हिंदी महासागरात 2016 साली समुद्रतळात छिद्रण झालेल्या यू1483 या संशोधन-स्थळावरील, सुमारे आठ लाख वर्षांपूर्वीच्या गाळात ती प्रथम लक्षात आली. रुबर आणि काँग्लोबेटस या दोन नित्य परिचयाच्या प्रजातींची लक्षणे तिच्यात एकत्र दिसतात, शिवाय काही कवचे गुलाबी आहेत. गुलाबी रुबर अटलांटिकमध्ये आजही जगते, पण हिंदी व प्रशांत महासागरांतून ती सुमारे 1,20,000 वर्षांपूर्वी नाहीशी झाली; त्यामुळे येथे रंग हे केवळ शोभेचे लक्षण राहत नाही, नात्यागोत्याचा प्रश्नही उभा करते. इतक्या जुन्या कवचांतून डीएनए मिळण्याची आशा नसते, तेव्हा आपली प्रजाती ही मुख्यतः रूपावर ठरलेली आहे याचे भान लेखनात ठेवलेले मला अधिक प्रामाणिक वाटते.

औपचारिक बाजू थोडक्यात सांगतो. फोरामिनिफेरा प्राणिनामकरण संहितेखाली येतात. तिच्यानुसार 1999 नंतर प्रसिद्ध होणाऱ्या नव्या प्रजातीसाठी वेगळेपण सांगणारे वर्णन, स्पष्टपणे ठरवलेला आधारनमुना (सहसा होलोटाइप, म्हणजे नावाचा आधार म्हणून निवडलेला एकच नमुना) आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवला जाणार आहे याचा उल्लेख आवश्यक असतो. शोधनिबंध केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणार असेल, तर झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंदणीही लागते. तुमचा जीवाश्म कोकोलिथ किंवा डायटम (सूक्ष्म शैवालांचे अवशेष) असता, तर वनस्पतींची संहिता लागू झाली असती आणि चित्र देणे बंधनकारक ठरले असते.

होलोटाइप निवडताना सर्वांत सुंदर कवचापेक्षा लक्षणे सर्वांत स्पष्ट दिसणारे कवच घ्यावे, आणि नमुन्याची खोली व थराचे वय वर्णनासोबतच नोंदवावे, कारण पुढे कोणी त्या प्रजातीवरून दुसऱ्या गाळाचे वय ठरवू लागला, तर त्याला हीच नोंद लागणार आहे.