वार खाली असेल तर पायाखाली उशा ठेवून किती दिवस झोपून राहायचं?

तुम्ही लिहिलंय, बायकोला विसावा आठवडा आहे, सोनोग्राफीत वार (गर्भाशयाला चिकटून बाळाला पोसते ती, प्लॅसेंटा) खाली दिसली, तर पायाखाली उशा देऊन तिला किती दिवस ‘झोपवून ठेवायचं’. तो शब्द वाचला आणि गप्प बसवेना. त्यात प्रश्न नवऱ्याने विचारलाय, तेव्हा उत्तर थोडं टोचेल.

उशांनी वार वर जात नाही. ती रुजते तिथेच रुजते. पुढच्या महिन्यांत गर्भाशयाचा खालचा भाग ताणून लांब होतो आणि त्याबरोबर वारेची कड गर्भाशयाच्या तोंडापासून लांब जाते. या आठवड्यांत खाली दिसलेल्या दहा जणींपैकी साधारण नऊ जणींची शेवटपर्यंत वर गेलेली असते. झोपल्या तरी, नाही झोपल्या तरी.

माझी वार अशीच खाली दिसली तेव्हा हे मला माहीत नव्हतं. नणंदबाईंना मात्र सगळं माहीत होतं. मी माळ्यावरची पेटी काढली म्हणून वार घसरली, हे त्यांचं निदान. घसरली! जणू खांद्यावरचा पदर. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं की जड उचलू नका, संबंध ठेवू नका, रक्त दिसलं तर थेट निघून या. घरी येईपर्यंत त्याचं ‘पलंगावरून उतरायचं नाही’ झालं. नवरा म्हणाला, “ताई म्हणतेय तर पडून राहा ना, काय बिघडतं?”

बरंच बिघडतं. गरोदरपणात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका आधीच वाढलेला असतो, नुसतं पडून राहिल्याने तो आणखी वाढतो. दहा आठवड्यांनी माझ्या पोटऱ्या एवढ्या वाळल्या होत्या की न्हाणीघरापर्यंत जाताना भिंत धरावी लागायची.

आणि एवढं करून एकतिसाव्या आठवड्यात, रात्री तीनच्या सुमारास, डाव्या कुशीवर, पायाखाली दोन उशा असतानाच रक्त गेलं. दुखलं अजिबात नाही. मला वाटलं पाणी गेलं, दिवा लावला तर चादर लाल. हॉस्पिटलमध्ये एक शिकाऊ डॉक्टर हातमोजे चढवून आतून तपासायला निघाली होती. मोठ्या बाईंनी दारातूनच ओरडून थांबवलं, “आधी सोनोग्राफी!” वार खाली असताना बोटांनी तपासलं तर धो धो रक्त जाऊ शकतं. म्हणून रिपोर्टची फाइल कपाटात नको, दारापाशी ठेवा, आणि गेल्या गेल्या तोंडानेही सांगा.

बाळाच्या फुप्फुसांसाठी चोवीस तासांच्या अंतराने दोन इंजेक्शनं झाली, रक्ताच्या दोन पिशव्या राखून ठेवल्या. रक्त आपोआप थांबलं, चार दिवसांनी घरी आले. नणंदबाई म्हणाल्या, “कूस बदलली असशील.”

छत्तिसाव्या आठवड्यात कड तोंडापासून 23 मिलिमीटरवर होती, विसाव्यात ती 12 वर होती. 20 च्या पुढे गेली की नैसर्गिक बाळंतपणाला सहसा हरकत नसते, तसंच झालं. मुलगी आता नऊ वर्षांची आहे आणि नऊ वर्षं मी ऐकतेय, “बघ, झोपलीस म्हणून सरकली.” रक्त गेलं ते माझ्यामुळे, वार वर गेली ती उशांमुळे. असा हिशेब असतो.

तुम्ही काय करायचं? रिपोर्टमध्ये नुसतं ‘वार खाली’ लिहिलं असेल तर किती मिलिमीटर ते विचारा. बत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास परत सोनोग्राफी होईल, ती योनीमार्गातून करायची म्हटली तर घाबरू नका. त्याने वारेला धक्का लागत नाही आणि माप नेमकं कळतं.

हां, माझी वार तोंडाजवळ होती, तोंडावर नव्हती. तुमच्या बायकोची तोंड झाकून असेल, किंवा आधीचं सिझेरियन असून वार पुढच्या बाजूला त्या व्रणावर असेल, तर माझी गोष्ट बाजूला ठेवा. व्रणात वार खोल रुतू शकते, ते प्रकरण गंभीर असतं. एकदा रक्त गेलेलं असेल आणि डॉक्टर भरती व्हा म्हणत असतील तर व्हा. माझं भांडण डॉक्टरांशी नाही.

आणि तिचा रक्तगट आजच पाठ करा. निगेटिव्ह असेल तर रक्त गेल्यावर 72 तासांच्या आत अँटी-डीचं (बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून देतात ते) इंजेक्शन लागू शकतं. माझा निगेटिव्ह आहे. त्या रात्री काउंटरवर विचारलं तेव्हा नवऱ्याने बहिणीला फोन लावला. मी चार पावलांवर स्ट्रेचरवर होते, शुद्धीत.