सोयरा नाव ठेवू का, असं विचारणाऱ्या होणाऱ्या आईला

पत्र न्यू जर्सीहून आलंय, थोडं कापून देतेय.

"ताई, मुलगी होणार हे कळल्यापासून माझ्या डोक्यात एकच नाव आहे, सोयरा. नवऱ्यालाही आवडलंय. पण सासूबाई फोनवर ऐकून गप्पच झाल्या, मग म्हणाल्या की संभाजी महाराजांना त्रास देणाऱ्या सावत्र आईचं नाव कशाला, आणि दुसरी ती कुणीतरी चोखामेळ्याची बायको, आपल्यात नाही गं ठेवत अशी नावं. मला काय बोलावं तेच सुचलं नाही. शिवाय इथल्या पहिल्या हजार नावांच्या यादीत हे नाव नाहीच, शाळेत मुलं चिडवतील का? स्पेलिंग कसं ठेवू? मिडल नेम वडिलांचं द्यायचं का? बारसं इथे करायचं की भारतात गेल्यावर?"

अगं, किती प्रश्न एका दमात! पण मला त्यातला एकच शब्द टोचलाय, तो म्हणजे "आपल्यात". तुझ्या सासूबाई हे बोलल्या आणि तुला सुचलं नाही, हे मी समजू शकते, सातव्या महिन्यात कोण भांडत बसणार. पण तो शब्द तू तसाच गिळलास आणि मला मात्र यादीचं आणि स्पेलिंगचं विचारतेस, हे काही मला पटलेलं नाही. "आपल्यात" म्हणजे कुणात ते तुलाही कळलंय आणि मलाही. आपण व्हिसा, नोकरी, बर्फ, सगळं पार करून इथवर आलो आणि बॅगेत तो शब्द तेवढा नीट घडी घालून आणला, असं कसं चालेल?

म्हणून आधी त्या "कुणीतरी बायको"बद्दल सांगते, कारण नाव ठेवणार असशील तर हे तुला पाठ असलं पाहिजे.

संत सोयराबाई मंगळवेढ्याच्या, चौदाव्या शतकातल्या. नवरा चोखोबा, नणंद निर्मळा, नणदेचा नवरा बंका, मुलगा कर्ममेळा, आणि हे पाचही जण अभंग रचणारे, म्हणजे घरात सगळेच कवी, दारात मात्र कुणी उभं करत नव्हतं. "अवघा रंग एक झाला" आपण गणपतीच्या कार्यक्रमात इथल्या हॉलमध्ये माइक लावून ऐकतो ना, डोळे मिटून? तो अभंग सोयराबाईंचा. देहाला विटाळ म्हणता, मग हा विटाळ देहातच जन्मला, त्याच्याशिवाय कुणाचा देह आहे ते सांगा, असं सातशे वर्षांपूर्वी विचारणारी बाई ही. आणि सही कशी करायची, तर स्वतःला "चोखियाची महारी" म्हणवून. लपवलं नाही काही. ज्या देवळातल्या देवाला ती हे सगळं म्हणत होती तिथे तिला आत जाता येत नव्हतं. चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत अंगावर पडून गेले, त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारापाशी आहे, दाराबाहेरच, आणि ते दार सगळ्यांसाठी उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. आता सांग, असं नाव "आपल्यात" ठेवत नाहीत म्हणजे कमीपणा नावाचा की आपला?

आणि अजून एक गोष्ट, ती तर खास तुझ्यासाठीच. सोयराबाईंना बरीच वर्षं मूल नव्हतं, ते गाऱ्हाणंही त्यांनी विठ्ठलाला अभंगातूनच घातलंय. पुढे दिवस गेले, आणि दिवस भरले तेव्हा चोखोबा घरी नाहीत, बहिणीच्या गावाला गेलेले, घरात दुसरं माणूस नाही. मग निर्मळेचं रूप घेऊन विठ्ठल आला आणि त्याने बाळंतपण केलं, अशी कथा सांगतात. मी ही कथा पहिल्यांदा नीट ऐकली ती माझ्या मावशीकडून, तेही इथेच, माझ्या मोठ्याच्या वेळी. आईचा व्हिसा झाला नव्हता, नवरा नव्या नोकरीत रजा नसलेला, आणि शेजारची एक कानडी बाई रोज सकाळी डबा आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन यायची, बाळाला न्हाऊ घालायची, माझी पाठ शेकायची आणि काही न बोलता निघून जायची. मावशीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, अगं सोयराबाईंकडे नाही का देव नणंद होऊन आला, तुझ्याकडे शेजारीण होऊन आलाय. परदेशात बाळंत झालेल्या बाईला ही गोष्ट जितकी कळते तितकी कुणाला कळणार नाही, आणि नावाचा अर्थही तोच आहे, सोयरा म्हणजे नातलग, जोडलेल्या नात्यातलं माणूस. तुझी नणंद म्हणेल कदाचित की शब्द पुल्लिंगी आहे, मुलीला कसा चालेल. चालतो. शेकडो वर्षं बायकांनीच हे नाव मिरवलंय.

आता राणी सोयराबाई. सासूबाईंचा राग मला कळतो, आपल्याकडे मालिका बघून राग येतोच. पण थोडं त्यांना समजावून सांग. या तळबीडच्या मोहित्यांच्या, हंबीरराव मोहित्यांच्या बहीण, १६७४ च्या राज्याभिषेकात महाराजांच्या शेजारी पट्टराणी म्हणून बसलेल्या, राजाराम महाराजांच्या आई. १६८० मध्ये महाराज गेले आणि गादीवरून जे झालं ते झालं, त्यात यांचा वाटा किती आणि मंत्र्यांचा किती यावर इतिहासकार अजून वाद घालतात. पण त्याच १६८० सालचं संभाजी महाराजांचं संस्कृत दानपत्र आहे, बाकरेशास्त्रींना दिलेलं, त्यात या सावत्र आईचं मन स्फटिकासारखं निर्मळ असल्याचं म्हटलंय. खुद्द संभाजी महाराजांनी असं लिहून ठेवलंय म्हटल्यावर आपण सासू-सुनांनी कितपत ताणायचं? पुढे त्यांचा शेवटही चांगला झाला नाही, १६८१ मध्ये गेल्या. हे सगळं सासूबाईंना भांडून नको, शांतपणे सांग, आणि फोनवर नवऱ्यालाच बोलू दे, त्याची आई आहे, तू मध्ये कशाला पडतेस. माझ्या अनुभवानं सांगते, सुनेनं सांगितलं की तो हट्ट होतो, मुलानं सांगितलं की तो विचार होतो. चुकीचं आहे हे पण असंच आहे.

"आपल्यात" या शब्दाचं मात्र नवऱ्यानं स्पष्ट बोलायचं. आई, हे नाव आम्ही संत सोयराबाईंवरूनच ठेवतोय, एवढं वाक्य पुरे. राणीचा आडोसा घेऊ नका. उद्या कुणी पाहुण्यांनी विचारलं तर "शिवाजी महाराजांच्या राणीचं नाव आहे हो" म्हणून वेळ मारून न्याल आणि मुलगी तेच ऐकत मोठी होईल, ते करू नका प्लीज.

चिडवण्याचं म्हणशील तर, माझ्या धाकटीचं नाव मुक्ता. इथल्या शिक्षिकेनं पहिल्या दिवशी त्याची काय वाट लावली ते सांगत नाही. पण तिला आम्ही लहानपणापासून ताटीची गोष्ट सांगितलेली, ज्ञानेश्वर रागावून दार लावून बसले आणि धाकट्या बहिणीनं बाहेरून समजूत काढली ती. एकदा मोठा परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून खोलीचं दार लावून बसला, जेवायला येईना, आम्ही हाका मारून थकलो, आणि ही दुसरी-तिसरीतली पोर दाराला तोंड लावून ओरडतेय, "ताटी उघडा ज्ञानेश्वरा!" इतक्या मोठ्यांदा की तो आतून हसायला लागला आणि त्याला दार उघडावं लागलं. नावाची गोष्ट ज्या मुलीला माहितीये तिला कुणी चिडवलं तर ती उत्तर देते, आणि जिला नुसतं "युनिक आहे म्हणून ठेवलं" एवढंच माहितीये ती कॉफी शॉपमध्ये दुसरंच नाव सांगायला लागते. माझ्या नणदेच्या मुलीचं हेच झालं, इंटरनेटवरच्या यादीतून उचललेलं नाव, अर्थ तिच्या आईबापांनाही धड सांगता येत नाही, कॉलेजात जाऊन तिनं बदललं. तिचं काय चुकलं?

यादीचं विशेष मनावर घेऊ नकोस. सोशल सिक्युरिटी या अमेरिकी सरकारी खात्याची ती हजाराची यादी म्हणजे अमेरिकेत कुठली नावं जास्त ठेवली जातात एवढंच, त्यात माया आहे, अनिका आहे, छान आहेत ती नावं, पण आपल्या वर्गात त्याच नावाच्या तिघी असण्याचीही तयारी ठेवावी लागते. वर्षाला पाचपेक्षा कमी मुलींना दिलेलं नाव तर ते खातं सगळ्या नावांच्या मोठ्या फाइलमध्येसुद्धा छापत नाही. आपल्याकडेही सध्या मायरा आणि कियाराचा सुकाळ आहे, सोयरा बारशाला मी गेल्या कित्येक वर्षांत ऐकलेलं नाही. उच्चाराला मात्र हे नाव सोपं आहे, ना ळ ना ण ना जोडाक्षर. "सॉयरा" म्हणतील सुरुवातीला, दोनदा सांगितलं की येतं.

स्पेलिंग जे वाचून कमीत कमी बिघडेल ते ठेव, अंकशास्त्रवाल्यांचं ऐकून जास्तीचे ए लावू नकोस, आणि बर्थ सर्टिफिकेट, पासपोर्ट, ओसीआय (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्यांचं कार्ड) तिन्हीकडे अक्षरन् अक्षर तेच असू दे, नाहीतर पुढे ॲफिडेविट करत बसाल. मिडल नेम वडिलांचं द्या किंवा तुझं द्या, दोन्ही चालतं. बारसं तिथेच कर, भारतात जाईपर्यंत पोर चालायला लागेल. आत्याला व्हिडिओ कॉलवर घ्या, फोन पाळण्यात बाळाच्या कानाशी धरा आणि नाव तिलाच सांगू दे. तेवढी तिची सकाळ कधी होते ते बघून वेळ ठरवा.